गाडी कोणतीय?

मानवतहून पाथरीकडं जाताना कुठल्याही टपरीवर थांबून रस्ता विचारा. सांगणारा आधी तुमच्याकडं बघत नाही, गाडीकडं बघतो. मोटारसायकल असली तर एक रस्ता, जीप असली तर दुसरा, आणि मागं दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर असला तर, "तिकून गाडी जात नसती बघा, नीट हायवेनंच जावा," असा निकाल. गाडी लांब लावून तुम्ही चालत आला असाल तर तो चहाचा कप खाली ठेवून विचारतो, "गाडी कोणतीय?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तो हात वर करून दिशा दाखवत नाही.

आमचे दाजी जिनिंगमध्ये हिशेबाला होते. कापूस, सरकी आणि गाठी मोजण्यात उभा जन्म गेला. कामातून मोकळे झाले आणि त्यांनी नर्मदा परिक्रमेचं मनावर घेतलं. पायी जाणं ताईच्या गुडघ्यांनी नामंजूर केलं. यात्रेच्या बसनं जाणं दाजींनी नामंजूर केलं, कारण दुसऱ्याच्या वेळेवर लघवीला उतरायचं वय आता राहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आली. परभणीच्या एका फॅब्रिकेटरनं सीटा काढून दोन बाकडी बसवली, गॅसच्या शेगडीला कट्टा केला, टपावर पाण्याची काळी टाकी आवळली. आरटीओच्या परवानगीचे कागद करता करता दाजींची निम्मी परिक्रमा परभणीतच झाली.

पुण्या-मुंबईकडं अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आमच्या भागाला चाकावरचा संसार नवा नाही. आषाढीच्या आधी दिंडीचा ट्रक निघतो, त्यात तंबू, भांडी, आचारी आणि सगळ्यांच्या वळकट्या. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्या ट्रॉलीत चूल, पत्रे, कोंबड्या आणि लेकरं. त्यातल्या कुणी वाटेसाठी यंत्र घेतल्याचं ऐकिवात नाही. दिंडीचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि टोळीला मुकादम असतो. दाजींना ना दिंडी ना मुकादम. त्यामुळं रस्ता कोण सांगणार, हा प्रश्न घरात उभा राहिला आणि घरात त्याचे दोन पक्ष झाले.

भाचा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेजवळ असतो. त्याचं मत, गाडीला स्वतंत्र जीपीएस यंत्र पाहिजे. भाची पुण्यात. तिचं मत, फोन असताना दुसरं यंत्र घेणं म्हणजे हातात घड्याळ असून भिंतीवरचं काढून खांद्यावर घेणं. भाऊ-बहिणीचं हे भांडण व्हिडिओ कॉलवर, रात्री जेवणं झाल्यावर, आम्हा सगळ्यांच्या समोर चालायचं. दाजी दोघांनाही "बरोबर आहे" म्हणायचे. जिनिंगमध्ये व्यापारी आणि शेतकरी दोघांनाही ते असंच म्हणत आले.

भाचा नुसता बोलून थांबला नाही. सुट्टीवर येताना त्यानं आपलं यंत्र आणलं, गार्मिन कंपनीचं, खास अशा घरगाड्यांसाठीचं. दाजींनी ते अंगणात लावलं. थोडा वेळ आकाशाचा अंदाज घेतला आणि यंत्रानं आम्ही कुठं आहोत ते चोख सांगितलं, उत्तर अक्षांश सुमारे १९.३, पूर्व रेखांश सुमारे ७६.५. पण पडद्यावर त्या खुणेच्या भोवती काहीच नव्हतं. रस्ता नाही, गाव नाही, नाला नाही. त्यात नकाशा भरलेला होता तो उत्तर अमेरिकेचा. कोऱ्या पडद्यावर एक बाण आणि त्या बाणावर आमचं घर. ताई म्हणाली, "अगदी कोपऱ्यात पडलो म्हणायचं आपण."

मला मात्र त्या कोऱ्या पडद्यानं एक गोष्ट समजावून दिली. आपण कुठं आहोत हे सांगणं वेगळं आणि भोवती काय आहे हे सांगणं वेगळं. पहिलं काम जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह करतात, आणि त्याला ना सिमकार्ड लागतं ना रेंज. १ मे २००० पर्यंत सामान्य माणसाला मिळणाऱ्या या माहितीत अमेरिकेचं सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. त्या दिवशी ती भेसळ थांबली आणि गाडीला हा रस्ता सोडून तो रस्ता धर असं सांगणं सोपं झालं. आता आपल्या इस्रोचे 'नाविक' उपग्रहही आहेत. दुसरं काम, भोवतालचं, ते मात्र कुणीतरी जमिनीवर हिंडूनच करावं लागतं. भारत मोजायला निघालेला विल्यम लॅम्बटन १८०२ साली मद्रासजवळून साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन निघाला आणि १८२३ च्या जानेवारीत, वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. वीस वर्षं माणूस मोजत होता. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आणि माझ्या गाडीची उंची मोजायला कुणाला सवड नाही."

कारण यंत्रानं तेच विचारलं होतं. गाडीची उंची किती, लांबी किती, वजन किती. गॅसची टाकी आहे का, हेसुद्धा, कारण तिकडच्या काही बोगद्यांत गॅस घेऊन जाऊ देत नाहीत. फोननं यातलं काहीएक विचारलं नव्हतं. फोनला एवढंच हवं असतं की मोटार की दुचाकी की पायी.

मग उंची मोजण्याचा कार्यक्रम झाला. आधी ताईच्या शिलाईच्या टेपनं, दोन तुकड्यांत. मग गवंड्याच्या पत्र्याच्या टेपनं. मग गाडीवर वेळू आडवा टाकून तिथून ओळंबा सोडून. तीन माणसांचे तीन आकडे आले. टाकीचं झाकण धरायचं का? धरायचं, ते काय खिशात घालून नेणार? टाकी भरली की गाडी खाली बसते, मग भरल्या टाकीची उंची घ्यायची की रिकाम्या? यावर ड्रायव्हरमामा बोलले. एसटीतून निवृत्त झालेला माणूस. म्हणाले, "रिकामीच धरा. पाणी संपल्यावर गाडी वर येती आन् पूल तिथंच राहतो." शेवटी प्रश्न आला टपावरच्या भगव्या पताकेचा. ती धरायची का? दाजींनी धरली. दहा फूट पाच इंच, पताकेसह.

या आकड्याचं महत्त्व भाच्याला पाठ आहे. तो राहतो तिथून जवळच, डरहॅम गावात रेल्वेचा एक पूल आहे. त्याखालची उंची वर्षानुवर्षं अकरा फूट आठ इंच होती. पुलाच्या आधी पाट्या, लुकलुकणारे दिवे, उंच गाडी आली की पेटणारी सूचना, सगळं होतं. तरी भाड्याचे ट्रक आणि घरगाड्या टपासकट त्यावर जाऊन आपटायच्या आणि टप डब्याच्या झाकणासारखा सोलला जायचा. तिथं कॅमेरा लावून एका रहिवाशानं ती दृश्यं जगाला दाखवली. २०१९ मध्ये रेल्वेनं पूल आठ इंच उचलला. गाड्या तरीही आपटतात. भाच्याचं म्हणणं, पाटी वाचायला चालक पाटीकडं बघत असला पाहिजे, आणि तो तर फोनकडं बघत असतो.

हे अमेरिकेचं झालं म्हणून हसायचं काम नाही. आपल्याकडं रेल्वेची फाटकं बंद करून जागोजाग भुयारी रस्ते झाले. रेल्वेच्या कागदात त्यातल्या कित्येकांचं नावच 'मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग' असं आहे. तोंडाशी लोखंडी आडवी तुळई, तिच्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्या आणि मीटरमधला आकडा. पावसाळ्यात आत गुडघाभर पाणी, म्हणजे वरून टप अडतो नि खालून इंजिन. टपरीवरच्या माणसाला हे दोन्ही ठाऊक असतं. फोनच्या नकाशावर तो नुसता रस्ता असतो, निळ्या रेघेचा, अगदी निष्पाप.

पण फोनच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पुढं कुठं गाड्या तुंबल्यात ते फोन सांगतो, पेट्रोल पंप सांगतो, रात्री अकराला उघडं असलेलं औषधाचं दुकान सांगतो. त्याचा नकाशा फुकट आणि ताजा. रेंज नसेल तिथला भाग घरीच उतरवून घेता येतो, मग माळशेजच्या घाटातही तो गप्प बसत नाही. माळशेजचं नाव उगीच घेतलं नाही. आमच्या दारावरून जाणारा हाच रस्ता पश्चिमेला माळशेज उतरून कल्याणला जातो आणि पूर्वेला परभणी-नांदेड करत तेलंगणातल्या निर्मलला. पूर्वी त्याला २२२ क्रमांक होता, आता ६१ आहे. फोन ६१ म्हणतो, एखादा जुना दगड २२२ म्हणतो, आणि गावात विचारलं तर लोक पाथरी रोड म्हणतात. पाहुण्याला यातलं कुठलंही एकच सांगावं, तिन्ही सांगितली की तो परभणीतूनच परत जातो. रेल्वेनं येणाऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. मानवत रोड स्टेशनवर उतरला की त्याला वाटतं आलं गाव, आणि गाव तर अजून काही किलोमीटर लांब असतं.

फोनचे दोष मात्र घरगुती आहेत. परभणीच्या उन्हात काचेला लावला की तो तापतो आणि मिटून घेतो. फाट्यावर, डावीकडं की उजवीकडं हे कळायच्या नेमक्या क्षणी व्याह्यांचा फोन येतो, कुठवर आलात म्हणून. आणि त्याला जवळच्या रस्त्याचा फार सोस. एकदा दाजी गाडीची चाचणी घ्यायला निघाले, तर फोननं त्यांना जायकवाडीच्या कॅनॉलच्या कडेनं घेतलं आणि तिथून एका पाणंदीत घातलं. परवाच पाऊस झालेला. काळ्या रानातला चिखल टायरला चिकटत जातो, टायर मडगार्डला लागेपर्यंत जाड होतो, मग चाक फिरत नाही, नुसतं घसरतं. खराट्याच्या काडीनं, मग खुरप्यानं तो चिखल खरवडताना बाजूच्या रानातला माणूस आला. गाडीला एक फेरी मारली, टपावरची टाकी बघितली, पताका बघितली. म्हणाला, "एवढं देऊळ घेऊन इकडं कशाला आलाव?" मग ट्रॅक्टर आणला. पैसे घेतले नाहीत, परिक्रमेचं कळल्यावर एक नारळ मात्र हातात दिला, नर्मदेत सोडा म्हणून.

यात हसण्यासारखं असतं ते चिखलापर्यंतच. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशा बघत चाललेली मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालक बुडाला. पूल नकाशात होता. कोणत्या महिन्यात तो पाण्याखाली असतो हे आसपासच्या गावांना माहीत होतं. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला, अंधारात नवा रस्ता धरायचा नाही, मग कुणी का सांगेना.

या वादाचा निकाल शेवटी नर्मदेनंच लावला. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठंही ओलांडायची नाही. फोनला हे पटवून देणं अशक्य आहे. दक्षिण काठावरून पुढच्या मुक्कामाचं गाव टाकलं आणि मधे पूल जवळ पडत असला की तो बिनदिक्कत पैलतीरावरून नेणार, वर बारा मिनिटं वाचली म्हणून सांगणार. त्यात टोल टाळायची सोय आहे, हायवे टाळायची आहे, नर्मदा टाळायची नाही. यंत्रातही नाही. दोघांचे वकील पहिल्यांदाच गप्प झाले. भाचीनं उपाय काढला, एकदम लांबचं गाव टाकायचंच नाही, एकाच काठावरची जवळजवळची गावं ओळीनं टाकत जायची.

मग समुद्राचा मुद्दा निघाला. नदी समुद्राला मिळते तिथं परिक्रमावासी नावेनं पलीकडं जातात, आणि वाहनानं आलेल्यांची गाडी रिकामीच भरूचकडच्या पुलावरून फिरून पलीकडं येते. म्हणजे दाजी, ताई आणि दोघांचे फोन नावेत. गाडीत एकटे ड्रायव्हरमामा, आणि त्यांचा फोन बटणांचा. त्यांना रस्ता कोण सांगणार? गाडीत एक जीपीएस आधीच होतं, पिवळ्या पाटीच्या प्रवासी गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं झालेलं, पण त्याचं काम गाडी कुठं आहे हे दुसऱ्याला कळवण्याचं. मामांना त्याचा उपयोग शून्य. फोन माणसाबरोबर जातो, यंत्र गाडीबरोबर राहतं, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं.

तेव्हा फोनवाल्या भाचीनंच भारताचा नकाशा भरलेलं एक यंत्र शोधून आणलं. ते उंची विचारत नाही. म्हणून दाजींनी वहीचा पुठ्ठा कापून त्यावर "उंची १०-५, पताकेसह" असं लाल शाईनं लिहिलं आणि स्टिअरिंगसमोर चिकटवलं. डावीकडं यंत्र. उजवीकडं फोनचा स्टँड. मधे गणपती, तो आधीपासूनच होता आणि त्याला हलवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. वरून ताईनं लिंबू-मिरची सोडली. काचेवर 'नर्मदे हर' ची पट्टी आली, ती भाच्यानं खास मोठ्या अक्षरांत करून घेतली होती. कार्तिकी एकादशी उलटल्यावर निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मामा सीटवर बसले, मान डावीकडं केली, उजवीकडं केली, थोडी खाली वाकवली.

"दाजी," ते म्हणाले, "काचंत मला बी थोडी जागा ठेवा की."