दोन आणि इंग्रजी एल

एप्रिल 2021. पुण्यात रात्रभर रुग्णवाहिकांचे भोंगे, रुग्णालयात खाट मिळणं म्हणजे लॉटरी, आणि हिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. डॉक्टर फोनवर म्हणाले, "लक्षणं सौम्य आहेत, घरीच राहू द्या. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती, खिडकी उघडी, आणि दिवसातून तीन-चारदा ऑक्सिजन मोजायचा. एवढंच."

हे 'एवढंच' मला झोंबलं. तीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप न विसळलेला माणूस शुश्रूषेला उभा राहतोय, आणि काम एवढंच?

मी काढा केला. सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग. प्रमाण ठाऊक नसल्यामुळे सढळ हाताने. करोनाला जमलं नव्हतं ते पित्त काढ्याने उसळवलं. मग वाफ. वाफेने विषाणू मरत नाही हे मागाहून कळलं. पातेल्याने हात पोळतो हे लगेच कळलं. मग सहा मिनिटं चालून ऑक्सिजन उतरतो का ते पाहायची चाचणी. दहा बाय दहाच्या खोलीत ही चालतेय आणि दाराबाहेरून मी घड्याळ धरून "अजून चार मिनिटं!" ओरडतोय. शेवटी ती म्हणाली, "अहो, आजाराने नाही, गोल फिरून चक्कर येतेय."

चौथ्या रात्री दोन वाजता मी एन-95 चढवून आत शिरलो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली, म्हणून तो काढला. झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाही. उशाशी उभं राहून हळूच हिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. अंधारात लाल आकडा उमटला: 86.

94 च्या खाली गेला की कळवा, असं बजावलेलं होतं. मी किंचाळलोच, "पालथी झोप!" आणि घरातल्या सगळ्या उशा तिच्या पोटाखाली कोंबल्या. "आधी झोपू तरी द्या," ती उशांतून म्हणाली. तोवर मी डॉक्टरांना उठवलं होतं.

"धाप लागलीय? ओठ निळे?"

"नाही. चिडलीय."

"नाडी किती?"

मी डोळे बारीक केले. "दोन... आणि पुढे इंग्रजी एल."

पलीकडे क्षणभर शांतता. "यंत्र फिरवा."

फिरवलं. ऑक्सिजन 98, नाडी 72. माझी नाडी मोजली असती, तर मलाच दाखल करावं लागलं असतं.

ही बरी झाली. काढ्याचं पातेलं मात्र तेव्हापासून माळ्यावर आहे. घरी कुणाची शुश्रूषा करायची वेळ आलीच, तर डॉक्टर सांगतील तेवढंच करा आणि नोंद वहीत ठेवा. आकडा कमी दिसला, तर नेलपॉलिश पुसून, गार बोट चोळून पुन्हा मोजा. तरीही कमीच असेल किंवा धाप लागली असेल, तर रात्रीचे दोन असोत, डॉक्टरांना उठवा. फक्त त्याआधी दिवा लावा, चष्मा घाला आणि यंत्र सुलटं धरा. एवढंच.