तासांवरचा कडता

मुर्रीत कुणी काही घ्यायचं ठरवलं की वस्तू घरी यायच्या आधी सल्ला घरी येतो. बैलजोडी असो, बोअरची मोटर असो, नाहीतर पोराचं स्थळ. त्यातून गाव गोंदियाला इतकं खेटून, की शहरातले सल्लागारही जेवण झाल्यावर शतपावली करत येऊ शकतात. मी पानठेल्यावर एवढंच बोललो होतो, की हलका, विंडोजवाला आणि बॅटरी टिकणारा लॅपटॉप पाहतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मापता मापता दूधवाल्यानं विचारलं, "कितीचा घेऊन राहिले जी?"

जुन्याचं दुखणं दुहेरी होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० वरून हात काढून घेतला, आणि विंडोज ११ काही त्याला आत घेईना. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर दिसला की ते दारातूनच परत पाठवतं. दुसरं दुखणं बॅटरीचं. प्लग काढला की पडद्यावर आधी इशारा यायचा आणि तो वाचून होईस्तोवर पडदाच जायचा. नावाला लॅपटॉप, पण भिंतीतल्या सॉकेटपासून वायर पुरेल तेवढंच त्याचं जग.

मला मात्र जग लांबचं लागतं. मुलगी कोल्हापूरला दिली आहे. म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदियाहून सकाळी सुटते आणि नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, सातारा, मिरज करत दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला टेकते. तेराशे किलोमीटरच्या वर धावते आणि राज्याची हद्द काही ओलांडत नाही. या गाडीत मी लिहितो. घरी लिहायला बसलो की कुणीतरी दळण घेऊन जायला सांगतं. गाडीत तशी सोय नाही. स्लीपरच्या डब्यात चार्जिंगचा पॉइंट असतो, पण त्याच्याभोवती आधीच पाच फोन लोंबत असतात, आणि रात्री ११ ते पहाटे ५ हे पॉइंट बंद ठेवायचं रेल्वेनं आगीच्या भीतीनं २०२१ मध्येच ठरवलेलं आहे. तेव्हा माझा हिशेब स्टेशनांचा. जुना लॅपटॉप तुमसर रोडच्या आत मान टाकायचा. नवा निदान भुसावळपर्यंत जागा राहावा, एवढीच अपेक्षा.

घरची गरजही वेगळी नाही. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. पण पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली, की त्या ३३०० मधला एक वॉटसुद्धा आमच्या ओसरीपर्यंत येत नाही. अशा वेळी अख्खी आळी बाहेर येऊन एकमेकांना विचारते, "तुमच्याकडं आहे का जी?"

पहिला सल्ला भाच्याचा. नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं घरात हुकमासारखं चालतं. "मामाजी, ग्राफिक्स कार्डवाला घ्या. पुढची पाच वर्षं पाह्यचं काम नाही." त्यानं स्वतःचा आणून दाखवला. लॅपटॉप अडीच किलोचा, चार्जर जवळपास किलोचा. कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे लागत होते, आमच्या सौ. नं विचारलं, हे गणपतीत बाहेर ठेवता येईल का. बॅटरी किती चालते, यावर भाचा म्हणाला, "हे प्लग लावूनच वापरायचं असते ना जी." प्लग लावून वापरायचा लॅपटॉप माझ्याकडे होताच, तोही पैसे फिटलेला.

दुसरा सल्ला जावईबापूंचा, थेट कोल्हापुरातून. "बाबा, सरळ मॅकबुक एअर घ्या की! सव्वा किलोचं वजन, आत पंखाच नाही, दिवसभर चार्जर बघायचं काम नाही. नादच करायचा नाही त्याचा!" बोलणं खरं होतं. पण माझं पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनं. त्याची चावी म्हणजे यूएसबीत खुपसायचा एक डोंगल, आणि त्या डोंगलला विंडोजशिवाय दुसरं कुणी ओळखत नाही. माझ्या ओळखीच्या छापखान्यांत अजून त्याच जुन्या फाँटची फाइल मागतात. मराठी लेखकाला विंडोज सुटत नाही, ते काही हौसेनं नव्हे.

याच डोंगलमुळे आणखी एक चांगलं स्थळ हातचं गेलं. जून २०२४ पासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले. ही चिप मोबाइलच्या घराण्यातली, त्यामुळे विजेच्या बाबतीत फार काटकसरी. नेहमीचे प्रोग्रॅम ती दुभाष्यामार्फत चालवून घेते. पण प्रिंटर, स्कॅनर, डोंगल यांचे ड्रायव्हर खास तिच्यासाठीच लिहिलेले लागतात. तिथं दुभाष्या चालत नाही. नवा प्रिंटर, नवं सॉफ्टवेअर आणि ब्राउझरमध्येच सगळं काम असेल, तर बेलाशक घ्यावा. माझ्या डोंगलचा ड्रायव्हर लिहिणारा बहुधा निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असेल.

शेजारच्या गुरुजींनी मात्र सल्ला दिला नाही, प्रश्न विचारला. ते रोज सायंकाळी ओसरीवर येतात, चहा घेतात आणि साखर जास्त झाली म्हणतात. त्यांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

मी हसलो, पण सगळ्या खटल्यात नेमका प्रश्न हाच होता. बॅटरीत किती मावतं ते वॉट-तासांत मोजतात. ६० वॉट-तासांची बॅटरी असेल आणि लॅपटॉप सरासरी ६ वॉट खात असेल, तर भागाकार दहा तास. ब्राउझरमध्ये वीस खिडक्या उघडल्या, पडद्याचा उजेड पूर्ण चढवला की खाणं १२ वॉटवर जातं आणि तास उरतात पाच. भाच्याचा गेम सुरू झाला तर तासाभरातच राम नाम सत्य. गुरुजी गणिताचे. त्यांनी पुढचं तोंडीच काढलं: विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, म्हणजे ही बॅटरी सोळा-सतरा वेळा भरली तर कुठं एक युनिट! सौ. ला हे फार आवडलं. तिनं तेव्हाच फ्रिजकडे रागानं पाहिलं.

आता कंपनीच्या तासांकडे येऊ. खोक्यावर २२ तास, २६ तास असले आकडे छापलेले असतात. २२ तास म्हणजे गोंदियाला बसलो की दुसऱ्या दिवशी पुणं ओलांडून साताऱ्याकडे. हे तास ज्यानं मोजले त्याचं मला फार कुतूहल आहे. तो माणूस पडद्याचा उजेड मंद ठेवतो, बहुतेकदा १५० निट्सच्या आसपास. तो एकच व्हिडिओ लावून बसतो. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा छोटा भाग असतो, म्हणून ते काम चिपला फार स्वस्त पडतं. तो टाइप करत नाही, काही शोधत नाही, त्याला मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल येत नाही. असा माणूस मुर्रीत नाही. असता तर त्याचं लग्न जमलं नसतं.

म्हणून मी धानाचा नियम लावला. आमच्याकडे धान खरेदी केंद्रावर नेलं की आधी ओलावा बघतात. १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. बाहेर व्यापारी घेतो, पण वजनावर कडता लावून. कंपनीचे तास हे असलेच ओले धान आहेत. त्यांवर निदान तिसऱ्या हिश्श्याचा कडता लावावा, आणि तुम्ही माझ्यासारखे ब्राउझरच्या खिडक्या बंद न करणारे असाल तर निम्म्याचा. २२ चे उरतात ११ ते १५. हे माझं मत आहे. कंपनीचे वकील मुर्रीला आले तर त्यांनाही चहा मिळेल.

तासांपेक्षा खरं बोलतं ते प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर. इंटेलच्या नावामागे एच असेल तर ती चिप २८ ते ४५ वॉटच्या हिशेबानं बांधलेली, यू असेल तर बहुतेकदा १५ च्या. २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत व्ही अक्षराची मंडळी आहेत, ती बहुतेक १७ वॉटची आणि हलकं काम असेल तर फारच मितभाषी. त्यांची एक खोड आहे: रॅम चिपच्या अंगालाच चिकटलेली, पुढं वाढवता येत नाही. १६ जीबी घ्यायची की ३२, हे दुकानातच ठरवावं लागतं. पडद्याचंही तसंच. ओलेड पडदा काळ्यावर वीज वाचवतो, पण लिहिणाऱ्याचं पान पांढरं असतं, आणि माझं तर बराच वेळ कोरंच असतं. साधा आयपीएस पडदा मला पुरला.

मग वजन. पत्रकात बहुतेकदा त्या मालिकेतल्या सगळ्यात सडपातळ भावंडाचं वजन छापतात, आणि चार्जर तर त्यांच्या घरचा नसतोच. गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात हलक्या जातीचा एकच नमुना होता. पत्रकात १.२ किलो. मी म्हटलं, बाजूच्या किराणा दुकानात काटा आहे, एकदा ठेवून पाहू. दुकानातल्या पोराला वाटलं मी गंमत करतोय. मी उठलो तसा तोही लॅपटॉप छातीशी धरून मागं आला. किराणावाल्या सेठनं तुरीच्या डाळीचं पुडकं बाजूला सारलं, काट्यावरचं पीठ फडक्यानं पुसलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला. काट्यावर लाल आकडे नाचले आणि थांबले: १.३४०. चार्जर ठेवला, १.६६०. सेठनं पत्रक मागून घेतलं, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "एक सौ चालीस ग्राम जादा दे रहे हैं भाईसाब, चुपचाप ले लो." त्याच्या धंद्यात ते खरंच होतं. आमच्यामागं लसूण घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, याचा किलोचा भाव काय चालू आहे.

किलोचा भाव सौ. नंच काढला, पण दुसऱ्या काट्यावर. "अजी, सत्तर हजार म्हणता. धानाचा हमीभाव औंदा २३६९. म्हणजे तीस क्विंटल धान झाले. तीस क्विंटल देऊन दीड किलो आणता?" या हिशेबाला उत्तर नाही. जगातल्या कुठल्याच कृषी विद्यापीठात ते मिळणार नाही. मी तिला सांगितलं, की १९८१ साली ऑस्बोर्न नावाचा पहिला गाजलेला हातात न्यायचा संगणक आला तेव्हा तो ११ किलोचा होता आणि त्यात बॅटरीच नव्हती. ती म्हणाली, "मग तेव्हा घेतला असता तर भाव तरी परवडला असता."

सोनीनं लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, कुठल्याही शाखेत नोबेल मिळवणारे सगळ्यात वयस्क. पुढं १०० पूर्ण करूनच गेले. बॅटरीवर काम करणाऱ्याचा स्वतःचा बॅकअप असा असावा. पण त्यांच्या या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उन्हाळा, आणि सतत शंभर टक्के भरून राहणं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. तेव्हा बंद गाडीत लॅपटॉप ठेवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य जाळणंच. घरी प्लग लावून काम असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपांत असते. ती चालू करून टाकावी. आणि जुना विकत घेणाऱ्यानं कमांडच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', जागा सोडून तिरपी रेघ, लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करावं. एक अहवालाची फाइल तयार होते; बॅटरी जन्मली तेव्हा किती मावत होतं आणि आता किती मावतं, दोन्ही आकडे तिच्यात असतात. माझ्या जुन्याचा अहवाल भाच्यानं वाचला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मामाजी, घरच्यांना बोलवून घ्या."

शेवटी घेतला. चौदा इंची, व्ही अक्षराचा, १६ जीबीचा, काट्यावर चढून आलेला तोच. चार्जर सी-टाइप, त्याच्यावर फोनही भरतो, म्हणून पिशवीतला एक गुंता कमी झाला. डोंगल लावला तेव्हा देवाचं नाव घेतलं होतं, चालला. घरी दिवसा तो सौ. च्या बचत गटाच्या हिशेबाला असतो, कारण तीस क्विंटल वसूल व्हायचे आहेत. रात्री माझा.

कोल्हापूरच्या पहिल्या फेरीत लिहीत गेलो तो भुसावळला दहा-बारा टक्के शिल्लक होते. कडता बरोबर लागला. तेव्हापासून गाडीत ३२० ग्रॅमचं ओझं नेणं मी बंद केलं आहे. म्हणून विनंती एवढीच: महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये अकोल्यानंतरही कुणी टाइप करत बसलेला दिसला, तर खुशाल ओळख काढा, शेंगदाणे पुढं करा, पण चार्जर मागू नका. तो मुर्रीला आहे.