दुसऱ्याच्या शिवारातला बिबट्या

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरचा एखादा बागायतदार द्राक्षाचे चार पैसे हाती आले म्हणून कुटुंबासह केनियातल्या मसाई माराला निघाला, की गावातल्या शहाण्यांना राहवत नाही. रोहित पक्षी बघायला आफ्रिका कशाला, नांदूरमधमेश्वर पाऊण तासावर आहे, असं ते ऐकवतात आणि वर 'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण जोडतात. मुद्दा बिनतोड आहे, हे आधी कबूल करायला हवं. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांनी 1907 ते 1913 च्या दरम्यान बंधारा बांधला. तो गाळानं भरत गेला आणि पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जी तूट, ती पाखरांच्या हिशेबात जमा झाली. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 च्या जानेवारीत रामसर यादीत नाव जाहीर झालं, तेही राज्यातलं पहिलं. पूर्वेला येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट उड्या मारतं आणि निफाडच्या उसात बिबट्या मुक्कामाला असतो. सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस आणि बिबट्या हे आफ्रिकेचे 'बिग फाइव्ह'. त्यांतला एक आपल्याकडे घरपोच मिळतो. संध्याकाळी जीपमधून उतरून सूर्यास्ताकडे बघत वाइनचा पेला धरायचा असतो म्हणावं, तर वाइन पार्कही विंचूरलाच आहे.

तरीही केनियाला निघालेला माणूस चुकतो आहे, असं मला वाटत नाही. त्याला जनावर बघायचंच नाहीये. जनावर दुसऱ्याच्या शिवारात असलेलं बघायचं आहे. या दोन गोष्टींत मुंबई-नैरोबीपेक्षा जास्त अंतर आहे. ऊस वर्षभर उभा असतो. त्यात सावली, पाणी, आडोसा आणि वस्तीवरची कुत्री असा सगळा बंदोबस्त असल्यानं बिबट्याची मादी तिथंच वीत आली आहे. पिलं सापडतात ती तोडणी सुरू झाल्यावर. त्यातच शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची मिळते. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं घेऊन माणूस पाणी भरायला उसात शिरतो, तेव्हा ती सफारीच असते, पण बिबट्याची. प्रेक्षक तो असतो आणि तिकीट कुणीच काढलेलं नसतं. मारामध्ये तोच बिबट्या बाभळीच्या फांदीवर पाय लोंबकळत सोडून पडलेला असतो, गाइड कुजबुजतो, इंजिन बंद होतं आणि ज्याचं नुसतं नाव काढल्यावर घरी दाराला कडी लागते त्याच्याकडे टक लावून बघण्याचे डॉलर मोजले जातात. पिंजरा दोन्हीकडे आहेच. तिथं माणूस स्वखुशीनं गाडीच्या पिंजऱ्यात बसतो. इथं वन खातं पिंजरा आणतं, आत शेळी बांधतं आणि माणूस मोकळाच राहतो. त्यांपैकी निवांत कोण, हे शेळीला विचारू नये.

काळविटाचंही तेच. फोटोत त्याची पिळदार शिंगं देखणी दिसतात, पण हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांवर कळप उतरला की शिंगांकडे लक्ष जात नाही. मारा नदीत उड्या घेणारे लाखो वाइल्डबीस्ट तरी काय, काळविटाचे दूरचे भाऊबंदच! पण ते ज्याचं खातात त्याचा सातबारा आपल्या नावावर नाही, म्हणून त्या झुंडीला आपण 'महास्थलांतर' म्हणतो. बाजार समितीच्या वेळेला विंचूरच्या तीनपाटीवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची जी रांग लागते तिला मात्र ट्रॅफिक जाम म्हणतो.

यावर एक हरकत खरोखर अवघड आहे. रोहित तर कुणाचं काही खात नाही, रात्री दाराशी येत नाही. मग विंचूरकर नांदूरमधमेश्वरच्या अभयारण्यातल्या चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर तरी किती वेळा चढतो? इथं माझा सिद्धांत थोडा लंगडतो, हे मान्य. भीतीमुळे बिबट्या नकोसा होतो, तसा पाऊण तासाच्या अंतरामुळे रोहित बघायचा राहून जातो. कधीही जाता येईल अशा ठिकाणी कधीच जाणं होत नाही, कारण तिथं जायला रजा, पासपोर्ट आणि पिवळ्या तापाची लस यांपैकी काहीच लागत नाही. काही पाखरं तर बिचारी हजारो किलोमीटर उडून दर हिवाळ्यात येतात. त्यांना बहुधा हाच नियम उलट बाजूनं लागू होत असावा.

दुसरी हरकत अशी, की हा सगळा दूर देशाचा भपका आहे. पण 'सफारी' हा स्वाहिली शब्द मूळ अरबी 'सफर'चाच, म्हणजे आपल्या सफरीचा चुलतभाऊ. त्यात प्रवास आहे, सिंह कुठंच नाही. आणि तिथला मसाई गुराखी सिंहाकडे कौतुकानं बघतो असं समजू नये. रात्री गोठ्याभोवती काट्यांचं कुंपण घालताना त्याचा चेहरा निफाडच्या शेतकऱ्याहून फार वेगळा नसणार. त्याच्या रानात पाहुण्यांची जीप थांबते, पाहुणे सिंहाचे फोटो काढतात. त्याला उद्या विंचूरला आणलं तर तोही बिबट्याचा हौसेनं फोटो काढील. आणि आपला बागायतदार? गाइडनं बोट दाखवलेला बिबट्या मनसोक्त बघून झाल्यावर तो खाली वाकून माती चिमटीत घेईल आणि विचारील, इथं विहिरीला पाणी किती फुटांवर लागतं?