पवईत बसून पश्चिम आशिया सांभाळण्याची सोपी रीत

(नवशिक्या विद्यार्थी-नेत्यांसाठी. पूर्वज्ञानाची अट नाही. असल्यास बाहेर काढून ठेवावे.)

अमेरिकेतल्या पोरांचं बरं असतं. विद्यापीठात इस्रायलची बाजू मांडायची हौस आली की तिथे रीतसर शिकवणी मिळते. ‘हसबारा फेलोशिप्स’ आणि ‘स्टँडविथअस’ या दोन्ही संस्था २००१ सालापासून हेच काम करतात. होतकरू विद्यार्थी हेरायचे, त्यांना शिबिरात बसवायचं आणि सभा कशी घ्यावी, अडचणीच्या प्रश्नाला कसं सामोरं जावं, हे घोटून घ्यायचं. तरुण ज्यूंसाठी १९९९ पासून ‘बर्थराइट’ची दहा दिवसांची फुकट इस्रायल-वारीही आहे.

पवईच्या पोराला यातलं काही नाही. त्याच्या नशिबी मेसची डाळ, गेटाबाहेर तुंबलेला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि विंगेचा व्हॉट्सॲप ग्रुप. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत जे घडलं (तपशील पाठ तिसऱ्यात) ते पाहता, शिबिराविना आपलं काही अडत नाही हे सिद्ध झालं. उणीव आहे ती फक्त लेखी अभ्यासक्रमाची. ती इथे भरून काढली आहे.

ही मार्गदर्शिका इस्रायलच्या बाजूने लिहिली आहे. पॅलेस्टाइनवाल्यांनी नावं बदलून वापरावी. फार खाडाखोड करावी लागणार नाही.

साहित्य

लॅपटॉप एक. झेंडा एक, प्रोफाइलच्या चित्रात मावेल एवढा. पोलीस ठाण्याचा ईमेल पत्ता. ‘देशाची बदनामी’ हे शब्द असलेला तक्रार अर्जाचा कच्चा मसुदा. नकाशा नको. नकाशात गाझा आणि वेस्ट बँक यांच्यामध्ये इस्रायल दिसतो आणि ‘हे असं कसं?’ हा प्रश्न पडतो. नेत्याला प्रश्न पडून चालत नाही.

पाठ पहिला : इतिहास अर्ध्यावर सोडा

इतिहास हा पदार्थ पुरा शिजवला की बेचव होतो. भारत आणि इस्रायल हेच उदाहरण घ्या. संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव आला तेव्हा, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी, भारताने विरोधात मत दिलं. पुढे १७ सप्टेंबर १९५० रोजी त्याच भारताने इस्रायलला मान्यता दिली. मान्यता दिली, पण दिल्लीत दूतावास उघडू दिला नाही. १९५३ पासून इस्रायलचा वाणिज्य दूत बसला तो आपल्या मुंबईत, आणि पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडला. मधल्या काळात, १९८२ साली, मुंबईतल्या त्या दूताने भारताच्या धोरणावर टीका करणारी मुलाखत दिली म्हणून सरकारने त्याला देशाबाहेर काढलं. आणि १९८८ साली याच भारताने पॅलेस्टाइनलाही राष्ट्र म्हणून मान्यता दिली.

आता एवढी वळणं सांगत बसलात तर सभा उठून जाईल. म्हणून तुम्ही १९५० आणि १९९२ पाठ करा. समोरच्या पक्षाने १९४७ आणि १९८८ पाठ केलेलंच आहे. दोघं मिळून इतिहास पूर्ण होतो, फक्त दोघं एका खोलीत येता कामा नयेत.

थोरांची वचनंही याच मापाने कापावीत. गांधींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये पॅलेस्टाइन अरबांचं आहे असं लिहिलं, ते विरोधकांना द्या. त्याच लेखात जर्मनीत ज्यूंचा जो छळ चालला होता त्याबद्दल त्यांचं मन किती कळवळलं होतं, तो भाग तुम्ही घ्या. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं आणि भारताच्या मताबद्दल खेद व्यक्त केला, तो पूर्ण तुमचाच. अख्खा लेख, अख्खं निवेदन वाचायला सांगणारा वरिष्ठ भेटलाच तर तो पीएचडीचा असतो. त्याच्याकडे वेळ असतो, तुमच्याकडे नसतो.

पाठ दुसरा : मोजदाद एकाच हाताने करा

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस धरली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंनी माणसं मेली, त्यांत असंख्य मुलं होती. नेत्याने यातलं एकच वाक्य उच्चारायचं असतं. दुसरं वाक्य उच्चारणाऱ्याला ‘मग पहिल्याचं काय?’ असं लगेच विचारावं. हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच बसतो आणि तो विचारला की कुणालाच पुढे काही सांगावं लागत नाही.

मुंबईकरांसाठी इथे एक खास अडचण आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात घुसले. तिथले रब्बाय आणि त्यांची पत्नी मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला भारतीय आयाने वाचवलं. ते दुःख या शहराचं स्वतःचं आहे, त्याला कुणाच्या शिकवणीची गरज नाही. म्हणूनच ते भाषणात वापरताना सांभाळा. खरं दुःख आठवलं की माणूस क्षणभर गप्प होतो, आणि तेवढ्यात दुसऱ्याच्या दुःखाकडेही त्याचं लक्ष जाण्याचा धोका असतो.

पाठ तिसरा : व्याख्यान ऐकू नका, थांबवा

हा या अभ्यासक्रमाचा गाभा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयआयटीच्या मानव्यशास्त्र विभागात एका अभ्यासक्रमाचा भाग म्हणून रंगकर्मी सुधन्वा देशपांडे यांचं ऑनलाइन व्याख्यान झालं आणि ‘अर्नाज चिल्ड्रन’ हा माहितीपट दाखवला गेला. वक्त्याने सशस्त्र लढ्याचं उदात्तीकरण केलं, असा काही विद्यार्थ्यांचा आक्षेप होता. आक्षेप घ्यायचा त्यांना पुरता हक्क होता. त्यांनी तो नेला पवई पोलिसांकडे. मग मुख्य गेटाबाहेर निदर्शनं झाली, अटकेच्या मागण्या झाल्या. त्याच महिन्यात प्राध्यापक अचिन वनाईक यांचं इस्रायल-पॅलेस्टाइनच्या इतिहासावरचं नियोजित व्याख्यान रद्द झालं.

प्रशिक्षणार्थींनी यातली कारागिरी नीट पाहावी. तो माहितीपट जेनिनच्या निर्वासित छावणीत मुलांसाठी नाट्यशाळा चालवणाऱ्या अर्ना मेर यांच्याविषयी आहे. या बाई इस्रायली ज्यू. चित्रपट केला तो त्यांचा मुलगा जुलिआनो मेर-खमीस याने, डॅनियल डॅनियल यांच्या साथीने. नाटक खेळणाऱ्या त्या मुलांपैकी काहींनी मोठेपणी शस्त्र हाती घेतलं, आणि त्यांतले बरेच जण मेले. म्हणजे खोलीत बसून एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं असतं, ‘सर, रंगमंचावरची मुलं बंदुकीपर्यंत पोचली, याची जबाबदारी तुम्ही कुणावर टाकता? आणि तुमच्या बोलण्यात त्या बंदुकीचं कौतुक आहे की नाही?’ तर वक्त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. उत्तर कच्चं निघालं असतं तर सगळ्या वर्गासमोर निघालं असतं.

पण त्यासाठी चित्रपट शेवटपर्यंत पाहावा लागतो. तक्रार अर्जाला एक पान पुरतं.

पाठ चौथा : परवानगी हेच ध्येय माना

या सगळ्यानंतर संस्थेने कार्यक्रमांसाठी अंतरिम नियम काढले. थोडक्यात, राजकीय वादाचा वास येईल अशा कार्यक्रमाला आणि त्याच्या बाहेरच्या वक्त्याला आधी आढावा समितीची मान्यता हवी. नवशिक्या नेत्याला वाटतं, जिंकलो. थांबा. नियमाला डोळे नसतात. उद्या तुम्ही हैफाच्या एखाद्या प्राध्यापकाला बोलवायचं ठरवलंत, तर त्याचा अर्जही त्याच समितीपुढे, त्याच ढिगात जाणार.

म्हणून तुमच्या कार्यक्रमाचं नाव नेहमी निरुपद्रवी ठेवा. ‘ठिबक सिंचन : एक दृष्टिक्षेप’ चालतं. वाळवंटात पाणी आणलं, स्टार्टअप उभ्या केल्या, एवढ्यावर तास सहज भरतो. ते पाणी कुणाच्या विहिरीतून, हा प्रश्न आला की तो राजकीय असल्याने सभेच्या कक्षेबाहेर, असं सौम्यपणे सांगावं.

कॅम्पसबाहेर जायची वेळ आली तर न्यायालयाचा अनुभवही ध्यानात ठेवा. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानात निदर्शनं करू द्या म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मुंबई उच्च न्यायालयात गेला. कचरा, प्रदूषण, गटारं, पूर असे आपल्याच देशातले प्रश्न पाहा, असं सुनावून न्यायालयाने याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि निदर्शनं झाली, हा पुढचा भाग. पवईकरांनी तो सल्ला शिरोधार्य मानायला हरकत नाही. १८९१ साली पुरा झालेला आपला तलाव जलपर्णीने भरून जातो, आणि त्याच्यासाठी कुणी प्रोफाइलचं चित्र बदललेलं आढळत नाही. अर्थात तलावाला झेंडा नाही, ही त्याची चूक.

पाठ पाचवा : ठाण्याला जाऊ नका

ही सूचना कडक आहे. पवईहून तासाभरात पोचता येईल अशा अंतरावर ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे. तिथे गेलात तर मराठी बोलणारे ज्यू भेटतील, आणि मग ही मार्गदर्शिका निकामी होईल.

कारण या मराठी ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलांची, गोष्ट कुठल्याच बाजूच्या पत्रकात बसत नाही. पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, दिवेकर, झिराडकर, किहीमकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. एकोणिसाव्या शतकात ही मंडळी अब्राहम आणि मोशेच्या कथांवर मराठीत कीर्तनं करत. वरळीच्या ज्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपण जातो, ते मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. कोकणात शेकडो वर्षं राहून धर्मापायी छळ झाल्याची आठवण या समाजाकडे नाही.

इथवर तुम्ही खूश व्हाल. पुढे ऐका. इस्रायल झाल्यावर यांतले बहुसंख्य तिकडे गेले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांतल्या काहींनी तिथे भेदभाव होतो म्हणून धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणाले, आणि काही जण खरोखर परत आले. मग तिथल्या धर्मपीठाने यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली आणि लग्नाआधी वंशावळ तपासा असा दंडक काढला. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आंदोलन झालं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. आणि ते आंदोलन करणारी माणसं इस्रायलवर प्रेम करणारीच होती. तिथेच राहिली, मराठीत ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही चालवू लागली.

आता अशा एखाद्या आजोबांना तुम्ही ‘तुम्ही इस्रायलच्या बाजूचे की विरोधातले?’ असं विचारलंत तर ते तुम्हाला बसवतील, चहा देतील आणि अलिबागपासून सुरुवात करतील. संध्याकाळ जाईल, घोषणा एकही मिळणार नाही. शिवाय ‘ज्यू म्हणजे अमुक’ म्हणणाऱ्या विरोधकाचंही तिथे तेवढंच नुकसान होतं. दोन्ही पक्षांच्या हितासाठी ठाणे टाळावे.

शंकासमाधान

*मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. मी नेता होऊ शकेन का?*
नाही. तुम्ही टेकफेस्टच्या आदरातिथ्य समितीत जा.

*माझी रूममेट दुसऱ्या बाजूची आहे. काय करावे?*
तिच्याशी बोलू नये. तिच्याविषयी बोलावे.

*अमेरिकेतली ‘हिलेल’ ही ज्यू विद्यार्थ्यांची संघटना आपला आदर्श असू शकते का?*
नावापुरती. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ही संघटना ज्या प्राचीन आचार्याचं नाव लावते, त्याच्या शिष्यांविषयी तालमूद सांगतं की त्यांचा निर्णय ग्राह्य धरला गेला, कारण ते प्रतिपक्षाचं मतही शिकवत आणि आपल्या मताआधी सांगत. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतही आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग सिद्धांत, हीच शिस्त. दोन जुन्या संस्कृतींचं एकमत व्हावं अशी ही एवढी एकच गोष्ट, आणि नेमकी तीच आधुनिक नेतृत्वाला परवडत नाही.

स्वाध्याय

१. विरोधी बाजूचं म्हणणं दहा ओळींत असं लिहा, की त्या बाजूच्या विद्यार्थ्याने वाचून ‘हो, आमचं हेच म्हणणं आहे’ अशी सही करावी. सही मिळेपर्यंत भाषण करू नये. (हा प्रश्न चुकून जुन्या अभ्यासक्रमातून आला आहे. सोडवल्यास नेतेपद रद्द होईल.)

२. तुम्हाला न पटणाऱ्या वक्त्याला एका तासासाठी बोलवा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तुमचे सगळ्यात कठीण प्रश्न विचारा. आढावा समितीकडे त्याच्यासाठी अर्ज तुमच्याच सहीने टाका.

३. समितीने तो नाकारल्यास, नोव्हेंबर २०२३ मध्ये नक्की कोण जिंकलं, ते सकारण लिहा.