अढळपदाच्या बदल्या

आमच्या लग्नात गुरुजींनी ध्रुवदर्शन उरकलं तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. कार्यालयाच्या उत्तरेच्या भिंतीवर एक पंखा गरगरत होता. गुरुजींनी तिकडे बोट केलं, आम्ही दोघांनी पंख्याला नमस्कार केला. रात्र असती तरी फार फरक पडला नसता म्हणा. ध्रुव क्षितिजापासून गावाच्या अक्षांशाइतकाच वर असतो, म्हणजे पुण्यात जेमतेम १८.५ अंश. समोर तीन मजली सोसायटी उभी राहिली की अढळपद गायब!

बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराला देवानं कायमची जागा दिली, ही गोष्ट आपण लहानपणी डोळे पुसत ऐकली. जागा कायमची आहे, पण बसणारे बदलतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते तेव्हा ध्रुवपदाजवळ ठुबान नावाचा तारा होता. आणखी सुमारे १२,००० वर्षांनी अभिजितचा नंबर. सध्याचे ध्रुवबाळही नेमक्या जागी नाहीत, अर्ध्या अंशाहून जास्त सरकून बसलेत.

जमिनीवरच्या ध्रुवाची तऱ्हा आणखी गमतीची. दक्षिण ध्रुवावर खांब रोवलाय, पण त्याच्या खालचा बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर घसरतो आणि खांबालाही घेऊन जातो. म्हणून दर १ जानेवारीला नव्या जागी नवा खांब रोवतात. आपल्याकडच्या भाडेकरारापेक्षा एक महिना जास्त, एवढंच.

चुंबकीय ध्रुवाला तर पायाला भिंगरीच आहे. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसनं उत्तरेचा चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तर भागात गाठला. त्यानंतर स्वारी सैबेरियाच्या रोखानं निघाली, मध्यंतरी तर वर्षाला ५० किलोमीटरच्या वेगानं. शिवाय विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात हे शाळेत घोकलंय. मग होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक जिकडे ओढलं जातं, तो चुंबक म्हणून दक्षिण ध्रुवच नाही का? हे मी वर्गात विचारलं होतं. उत्तर म्हणून बाकावर उभं राहायला मिळालं.

या भटक्यावर नजर ठेवणारी माणसं मात्र मला आवडतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेनं सुया बिचकणार, म्हणून कुलाब्याचं चुंबकीय वेधांचं काम १९०४ साली अलिबागला नेलं. तिथली वेधगृहं बांधताना लोखंड कटाक्षानं टाळलं. सोवळं पाळावं तर असं.

खरा अढळ ध्रुव भेटला तो गणितात. १ भागिले (क्ष − ३) घ्या. क्ष तीनच्या जवळ जाऊ लागला की उत्तर फुगत फुगत अनंताकडे पळतं, आणि नेमक्या तीनवर उत्तरच नाही. तो तीन म्हणजे या फलनाचा ध्रुव. तो कधी हलत नाही. पण फलन बिचारं तिथं कधी पोचतही नाही.

आणि एक ध्रुव आजीच्या अभंगांच्या वहीत होता, ओळीच्या शेवटी दोन दंडांत कोंडलेला: ॥ध्रु॥. ध्रुवपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परतायची ओळ. आजी न चुकता परतायची. फक्त दर वेळी चाल थोडी वेगळी लागायची.