पडलेल्या ड्रोनचे बिल वाऱ्याच्या नावे

प्रति,
श्री. वारा,
मु. पो. जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना.

विषय : स्वयंचलित उड्डाणात कोसळणाऱ्या फवारणी-ड्रोनच्या दुरुस्तीचा खर्च आपण सोसण्याबाबत.

महोदय,

फवारणीचा ड्रोन पिकात कोसळला की त्याच्या दुरुस्तीस जबाबदार धरता येतील असे पाच पक्ष संभवतात : उत्पादक, विक्रेता, विमा कंपनी, प्रशिक्षण संस्था आणि चालक. यांपैकी पहिल्या चौघांकडे जबाबदारी नाकारण्याचे छापील साधन असते, पाचव्याकडे रडण्याचे असते. आणि ज्याने कोणत्याही हमीपत्रावर सही केलेली नाही, ज्याच्यावर नोटीस बजावता येत नाही व ज्याच्यावर ठपका ठेवला असता खुलासा येत नाही, असा सहावा पक्ष आपणच उरता, म्हणून हे पत्र आपणास. पत्त्याबाबत शंका नसावी. समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली याच गावी झाला आणि आपल्या चिरंजीवांची, म्हणजे मारुतीची, मंदिरे त्यांनी ठिकठिकाणी उभारली. तेव्हा वडिलांचा पत्रव्यवहार जांब समर्थच्या पत्त्यावर करण्यास हरकत असू नये.

स्वयंचलित उड्डाण म्हणजे काय, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे, कारण आपला आजवरचा व्यवहार घारी, वावड्या आणि रुईच्या म्हाताऱ्या यांच्यापुरताच होता. या पद्धतीत चालक शेताचे कोपरे नियंत्रकावर नोंदवतो, यंत्रातील आज्ञावली त्या कोपऱ्यांच्या आत समांतर रेषा आखते, आणि ड्रोन उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा, होकायंत्रावरून आपली दिशा व खाली रोखलेल्या रडारवरून पिकाच्या शेंड्यापासूनची उंची ठरवत त्या रेषांवरून ये-जा करतो. साध्या जीपीएसने जागा काही मीटरच्या फरकाने कळते. जमिनीवर स्थिर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राकडून चूक-दुरुस्तीचे संकेत घेणाऱ्या ‘आरटीके’ पद्धतीने हाच फरक काही सेंटिमीटरवर येतो. बोअरचा लोखंडी पाइप, पत्र्याचे शेड किंवा विजेच्या तारा जवळ असल्या की होकायंत्र बहकते. बॅटरी उतरली वा नियंत्रकाशी संपर्क तुटला, तर यंत्र ठरवून दिलेल्या उंचीवर चढून उडाल्या जागी सरळ रेषेत परत येते, आणि ती सरळ रेषा बांधावरच्या लिंबाच्या शेंड्यातून जात असेल, तर पुढे पाहू न शकणारे यंत्र त्या लिंबाला रेषेचाच भाग समजते.

हे यंत्र निरुपयोगी आहे, असा या पत्राचा आशय मुळीच नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध मारताना झालेल्या विषबाधेत सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, आणि पुरुषभर उंचीच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे म्हणजे काय, हे कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या घनसावंगी तालुक्याला सांगावे लागत नाही. माणसाला औषधापासून दूर ठेवणारे कोणतेही साधन स्वागतार्हच ठरते. प्रश्न ते साधन पडल्यानंतरचा आहे.

केंद्र सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन पुरवण्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी 1,261 कोटी रुपयांची तरतूद आहे. किमतीच्या 80 टक्के, परंतु 8 लाखांच्या मर्यादेत, अनुदान मिळते आणि उरलेली रक्कम प्रभाग संघाने, म्हणजे गावोगावच्या बचत गटांच्या वरच्या संघाने, कृषी पायाभूत सुविधा निधीतून 3 टक्के व्याजसवलतीच्या कर्जाने उभी करायची असते. योजनेच्या संचात फवारणीची जोडणी, जादा बॅटऱ्या, सहा पंख्यांचा जादा संच, एक वर्षाची जागेवर दुरुस्तीची हमी, एक वर्षाचा सर्वसमावेशक विमा, दोन वर्षांचा देखभाल करार आणि 15 दिवसांचे प्रशिक्षण येते. शिवाय आपणास समाधान वाटावे अशी एक वस्तू येते, ती म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र. आपण येणार, हे योजनाकर्त्यांना ठाऊक होते, याचा याहून चांगला पुरावा नाही. विजेची उपकरणे दुरुस्त करण्याची आवड असलेल्या दुसऱ्या सदस्याला ‘ड्रोन सहायक’ म्हणून तयार करण्याचीही सोय योजनेत आहे, आणि त्याच वेळी अनधिकृत हाताने स्क्रू फिरवल्यास हमी रद्द होईल, अशी अट यंत्रांच्या हमीपत्रांत सर्रास आढळते; त्यामुळे हा सहायक शिकून तयार झाल्यावर त्याने नेमके कशाला हात लावावा, हा अभ्यासकांपुढील स्वतंत्र विषय होय.

आता समजा, भाद्रपदातल्या एका दुपारी जांब समर्थच्या शिवारात असा ड्रोन उसावर चालू आहे. दहा लिटरची टाकी अर्धी झालेली आहे, म्हणजे औषध आत डुचमळू लागले आहे. पाचवी रेषा संपवून यंत्र वळते, पडद्यावर होकायंत्राचा इशारा उमटतो, यंत्र एका बाजूला कलते, आणि चालक बाईंनी हाती ताबा घेईपर्यंत उसाच्या पाचटात धप्प असा आवाज येतो. एक भुजा सांध्यातून मोडलेली, दोन पंखे तुटलेले, एका मोटारीत काळी माती, टाकीला तडा आणि पाचटावर पांढरट औषधाचा ओघळ, असे ते दृश्य असते. या क्षणापर्यंत सर्व पक्ष एकमेकांचे भागीदार असतात आणि क्षणानंतर पत्रलेखक होतात.

उत्पादक कळवतो की यंत्र वेगमर्यादेबाहेरच्या वाऱ्यात उडवले गेले, सबब दोष हाताळणीचा. विक्रेता कळवतो की तो केवळ विक्रेता आहे. विमा कंपनी विचारते की उड्डाणापूर्वी होकायंत्राची जुळवणी केल्याची नोंद आहे काय. प्रशिक्षण संस्था दाखवून देते की प्रमाणपत्र दिले त्या दिवशी चालक निष्णात होती. विशेष म्हणजे उड्डाण स्वयंचलित असल्याचे विक्रीच्या दिवशी ज्या अभिमानाने सांगितले जाते, तो अभिमान अपघाताच्या दिवशी ओसरतो. शेत फवारते ते यंत्र, पण पाडते ती बाई. अशा युक्तिवादांत आपला उल्लेख येणे जवळपास अटळ असते, कारण भाद्रपदात वारा नव्हता असे शपथेवर सांगणारा साक्षीदार मराठवाड्यात मिळणार नाही.

वस्तुतः खरी साक्ष यंत्राच्या पोटातच असते. प्रत्येक उड्डाणाची उंची, वेग, कल, बॅटरीचा दाब, प्रत्येक मोटारीचे फेरे, उपग्रहांची संख्या आणि चालकाने दांडी कधी हलवली, हे सारे क्षणाक्षणाने यंत्र लिहून ठेवते. या लिखाणास उड्डाणनोंद म्हणतात. एक मोटार आधी थांबली आणि मग यंत्र कलले, की यंत्र आधी कलले आणि मग मोटारीने जीव तोडून जोर लावला, हे त्या नोंदीवरून सांगता येते, आणि पहिला दोष सुट्या भागाचा तर दुसरा बहुधा बाहेरचा, एवढा निवाडा त्यावरून होऊ शकतो. परंतु ही नोंद अनेकदा अशा स्वरूपात असते की ती उलगडण्याची किल्ली उत्पादकाकडेच राहते. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे, त्यानेच साक्षीदाराला आत बोलावून, दार लावून, जबानी घेऊन, बाहेर येऊन निकाल सांगायचा. 2022 च्या ऑगस्टमध्ये जांब समर्थच्या राममंदिरातून मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा तपास पोलिसांनी केला आणि त्याच वर्षी चोरही सापडले; तपासाचे काम चोरांकडे सोपवावे, अशी सूचना त्या वेळी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आपल्यावर ठेवलेला आरोप दर वेळी खोटाच असतो, असेही नव्हे. 14 जुलै 2023 रोजी मेलबर्नच्या डॉकलंड्स भागात 500 ड्रोनचा प्रकाशखेळ चालू असताना त्यांतील चारशेहून अधिक पाण्यात गेले, आणि ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वाऱ्याचा वेग यंत्राच्या कुवतीपलीकडे गेल्याचा निष्कर्ष काढला. मात्र ते मंडळ आपले नाव लिहून थांबले नाही. वेग वाढल्याचे चालकाच्या ध्यानात वेळीच का आले नाही, हेही त्याने तपासले. भारतात 2021 च्या ड्रोन नियमांनुसार अपघाताची खबर 48 तासांच्या आत ‘डिजिटल स्काय’ या सरकारी व्यवस्थेतून नागरी विमान वाहतूक महासंचालकांना देणे चालकावर बंधनकारक आहे. खबर देण्याचा हा नियम चांगला आहे, परंतु खबरीमुळे मोडलेली भुजा जुळत नाही आणि उसातल्या दहा लिटर टाकीसाठी दिल्लीहून चौकशी अधिकारी येईल, अशी अपेक्षा कोणी करत नाही.

कायद्याची गंमत याहून सूक्ष्म आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘उत्पादन-दायित्व’ ही संकल्पना आणली, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई वस्तू बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने किंवा तिची सेवा देणाऱ्याने करावी. परंतु ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेली हानी वगळलेली आहे. परिणामी ड्रोन शेजाऱ्याच्या म्हशीवर पडला, तर म्हशीपुरते हे प्रकरण उघडते. तो सभ्यपणे मोकळ्या जागी पडून स्वतःच मोडला, तर त्याच्या मालकाने वस्तूतील दोष किंवा सेवेतील त्रुटी या जुन्या वाटेने जावे लागते. ड्रोन नियमांनी नॅनो वर्ग वगळता इतर ड्रोनना सक्तीचा केलेला विमाही त्रयस्थाचाच, म्हणजे पुन्हा म्हशीचाच. जुन्या वाटेवर आणखी एक फाटक आहे : व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा धनी ग्राहक ठरत नाही, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू या अपवादातून सुटते. एकरी दराने फवारणी करणारी ड्रोन दीदी या सवलतीत बसावी, हे उघड आहे. परंतु यंत्राची मालकी प्रभाग संघाकडे आणि उपजीविका दीदीची असेल, तर ‘ग्राहक नेमका कोण’ या प्रश्नावर दोन तारखा सहज निघतात, आणि तोवर उसावरची कीड आपला हंगाम आटोपते.

या विषयातील एक पूर्वोदाहरण आपल्या घरचेच आहे. रामकथेच्या काही परंपरांत सांगितले जाते की आपले चिरंजीव औषधीचा पर्वत घेऊन उड्डाण करत असता नंदिग्रामावर भरताने त्यांना बाणाने खाली पाडले. वाचकांनी लक्षात घ्यावे ते पुढचे वर्तन : भरताने पाडल्याची कबुली जागेवरच दिली, विचारपूस केली, आणि औषध वेळेत पोहोचावे म्हणून स्वतःच्या बाणावर बसवून पुढे पाठवण्याची तयारीही दाखवली. अपघाताची कबुली, पाहणी आणि पर्यायी वाहन, या तीन गोष्टी तेथे एकाच रात्री झाल्या. सेवा केंद्राकडे पेटीतून पाठवलेल्या ड्रोनच्या वाट्याला यांपैकी एक जरी आठ दिवसांत आली, तरी ती सेवा उत्तम मानली जाईल.

तरी आपणास विनंती की एक तर आपण दुरुस्तीचे बिल भरावे, किंवा ते भरणे आपल्याला जमत नसल्यास या प्रकरणातून आपले नाव वगळण्याची मागणी करावी. ती मागणी मान्य होण्यासाठी एकच बदल पुरेसा आहे : अनुदानातून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक ड्रोनची उड्डाणनोंद मालकाला वाचता येईल अशा स्वरूपात, अपघाताच्या दिवशीच, किल्लीसह मिळावी, आणि ही अट सरकारने खरेदीच्या करारात घालावी. पैसा 80 टक्क्यांपर्यंत सरकारचा असताना साक्षीदार मात्र शंभर टक्के उत्पादकाचा, ही विभागणी कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हा बदल होईपर्यंत प्रभाग संघांनी आणि ड्रोन दीदींनी आपल्या, म्हणजे वाऱ्याच्या, वेगाचा आकडा उड्डाणापूर्वी वहीत लिहावा; यंत्र पडल्यास ते हलवण्याआधी फोटो काढावेत, शेतमालक व शेजारी यांच्या सह्यांचा साधा पंचनामा करावा, 48 तासांच्या आत अपघाताची खबर द्यावी, आणि उड्डाणनोंदीची प्रत मागणाऱ्या पत्राची पोच घेऊनच यंत्र सेवा केंद्राच्या हवाली करावे. तक्रार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगात, म्हणजे येथे जालन्यातच, दोन वर्षांच्या आत करता येते आणि 10 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिचे शुल्क 200 रुपयांहून अधिक नाही.

कळावे, लोभ असावा. उसाच्या शेंड्यावर मात्र तो बेताचा असावा.