सव्वापट संसार

आईनं मला लहानपणीच एक पदवी दिली होती. सकाळी नऊनंतर मी पांघरुणात दिसलो की ती बहाल व्हायची: "खायला काळ आणि भुईला भार!" पुढे एम.ए. झालो, सेट झालो, पण ही पदवी काही मागे पडली नाही. आईची भुई म्हणजे साताऱ्यातल्या दोन खोल्या. अमेरिकेनं हाच विचार १८८२ साली कायद्यात घालून अख्ख्या देशाला लागू केलाय, हे मला लग्नानंतर कळलं. तिकडे त्याला 'पब्लिक चार्ज' म्हणतात. ज्याला स्वतःचं पोट भरता येणार नाही, ज्याचा सरकारवर भार पडेल, त्यानं येऊच नये.

माझी बायको जन्मानं अमेरिकन. तिचे आईवडील मूळचे सांगलीचे, आता न्यू जर्सीत एडिसनला असतात. ती मावशीकडे साताऱ्याला आलेली असताना एका वाचनालयात आम्ही एकाच पुस्तकासाठी नंबर लावला. पुस्तक आलं नाही. लग्न मात्र झालं, डिसेंबर २०२२ मध्ये.

आपल्याकडे लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारतात. माझा कुणी विचारला नाही. सासऱ्यांचा मोठेपणा म्हणून मी तो मनात जपून ठेवला होता. नंतर समजलं, प्राध्यापक म्हटल्यावर विचारायचं काय, असं त्यांना वाटलं होतं. मी प्राध्यापक होतोच, पण तासिका तत्त्वावरचा. जितके तास शिकवू तितक्या तासांचे पैसे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत प्राध्यापकाची भूकही सुट्टीवर जाते, अशी त्यामागची समजूत.

मुलीचा पगार विचारायचं तर आमच्या दोन्ही घरांत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो अमेरिकन सरकारनं विचारला.

बायकोनं नवऱ्यासाठी अर्ज केला की तिला एक दहा-बारा पानी प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. त्याचं नाव आय-८६४. त्याचा सारांश इतकाच, की या माणसाला मी पोसेन, आणि पोसण्याइतकं माझ्याकडे आहे. आता 'इतकं' म्हणजे किती? तर तिथलं आरोग्य खातं दरवर्षी दारिद्र्यरेषा जाहीर करतं, तिच्या १२५ टक्के. टक्क्यांत वाचलं तेव्हा मला घाम फुटला. आईला मराठीत सांगितलं, तर ती एकदम निवांत झाली. "सव्वापट होय? मग बरोबर आहे त्यांचं. शुभकार्याला सव्वाच लागतो." रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा. वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी सत्यनारायण केलेला असणार, याबद्दल तिची खात्री पटली.

२०२४ सालची दोन माणसांची रेषा होती २०,४४० डॉलर. तिची सव्वापट २५,५५०. (अलास्का आणि हवाईत रेषा आणखी वर. तिथे गरीब व्हायलासुद्धा जास्त पैसे लागतात.) अर्जदार सैन्यात असेल तर मात्र जोडीदारासाठी सव्वा नाही, एकपट पुरतं. माझी बायको पिट्सबर्गजवळच्या एका गावात ग्रंथालयात अर्धवेळ आणि शनिवार-रविवारी पुस्तकांच्या दुकानात काम करायची. पुस्तकांऐवजी बंदूक हातात घेतली असती तर वरचा पाव माफ झाला असता.

यातला खरा विनोद माझ्या वाट्याचा होता. मी सात वर्षं तृतीय वर्षाच्या मुलांना दारिद्र्यरेषाच शिकवत होतो. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे दांडेकर आणि रथ, साल १९७१, माणशी रोज २,२५० उष्मांक. हे मला झोपेत येतं. अमेरिकेची रेषा काढली मॉली ऑर्शान्स्की या बाईंनी, साठच्या दशकात. त्यांची रीतही पोटापासूनच सुरू होणारी: काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढायचा आणि त्याला तीननं गुणायचं, कारण तेव्हाच्या कुटुंबांचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जायचा. बाईंचे आईवडील स्वतः युक्रेनहून अमेरिकेत आलेले. त्यांच्या मुलीनं आखलेली रेषा सव्वापटीनं ओलांडल्याशिवाय आता कुणाचा नवरा आत येत नाही. मी ही रेषा फळ्यावर खडूनं शेकडो वेळा काढली होती. तिच्यावरून कधी उडी मारावी लागेल असं वाटलं नव्हतं.

बायकोचं वर्षाचं उत्पन्न भरलं २१,९५० डॉलर. म्हणजे ३,६०० कमी.

"घाबरू नकोस," ती फोनवर म्हणाली. "उत्पन्न कमी असेल तर मालमत्ता दाखवता येते. जेवढी तूट, त्याच्या तिप्पट."

"तिप्पट म्हणजे १०,८००. तुझ्याकडे किती आहेत?"

"६,२०० आहेत. आणि गाडी."

गाडी नियमात बसेना. घरात एकच गाडी असेल तर ती मालमत्ता म्हणून मोजत नाहीत, दुसरी असेल तर ती मोजतात. लागते ती गरज, आणि उरते ती संपत्ती. इतकी स्वच्छ व्याख्या मला अर्थशास्त्राच्या एकाही क्रमिक पुस्तकात सापडली नव्हती, पण त्या क्षणी तिचं कौतुक करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

नवऱ्याची मालमत्ताही चालते, असं पुढच्या पानावर होतं. मग मी ताठ बसलो. आमची कोरेगाव तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे. सातबारा काढला. त्यावर सतरा नावं. त्यांतले पाच जण स्वर्गवासी. एक नाव कुणाचं हे भावकीत कुणालाच सांगता येईना, आणि नेमका त्याचा हिस्सा सगळ्यांत मोठा. माझ्या वाटणीला साडेतीन गुंठे आणि बांधावरच्या आंब्याची अर्धी सावली. अट अशी होती, की मालमत्ता एका वर्षाच्या आत, फारशी झळ न सोसता, पैशात बदलता आली पाहिजे. मी धाकट्या चुलत्यांना विचारलं.

"नाना, आपली जमीन वर्षभरात विकता येईल?"

नानांनी तंबाखू मळायची थांबवली. "अरे, वाटपाचा दावा सत्त्याऐंशी सालचा आहे. आपल्या बाजूचे दोन वकील वारले, त्यांच्या बाजूचा एक. आणि तू वर्षाचं विचारतोस?" मग थोडं थांबून आपुलकीनं म्हणाले, "अमेरिकेला म्हणावं, तुम्हीपण यात नाव लावून घ्या. अठरावं."

त्या रात्री जेवताना आई काही बोलली नाही. ताटं उचलून झाल्यावर ओल्या हातांनी माझ्यासमोर उभी राहिली, आणि उजव्या हातातली पाटली मनगटावर फिरवत म्हणाली, "याला इंग्रजीत काय म्हणतात ते लिही. वजन मी सांगते." मी म्हटलं, यातलं काही लागणार नाही. तिला ते पटलं नाही. तिनं सुनेला फोन लावला. सून म्हणाली, "आई, पाटल्या हातातच असू द्या. मी बाबांना विचारते." एवढंच. पण तिचे बाबा म्हणजे काय चीज आहे, हे मला ठाऊक होतं.

पगार पुरला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी सह-हमीदार म्हणून उभं करता येतं. तो नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला हवा, आणि अमेरिकेत राहणारा हवा. नात्यातलाच हवा असं नाही. मात्र त्याचं उत्पन्न मुलीच्या उत्पन्नात मिसळत नाहीत, त्याला सगळी रेषा एकट्यानं पार करावी लागते. सासरे पुलांचे अभियंता. किराणा दुकानाची पावतीही ते दोनदा तपासतात. त्यांना १२५ टक्के सांगितले तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, "सव्वाच? आम्ही पुलाला याहून जास्त धरतो."

त्यांनी सही करण्याआधी अख्खं प्रतिज्ञापत्र सूचनांसकट वाचलं. एकट्यानं नव्हे, व्हिडिओ कॉलवर, मला समोर बसवून.

"कुटुंबातली माणसं," त्यांनी सुरुवात केली. "मी एक. ही दोन. तुम्ही तीन."

"आणि ती?"

"ती स्वतःचं कमावते, माझ्यावर अवलंबून नाही. तिला मोजायचं नाही."

म्हणजे कागदावर मुलगी घराबाहेर आणि जावई घरात. एडिसनला पाऊल न ठेवता मी घरजावई झालो होतो. तीन माणसांची सव्वापट ३२,२७५ डॉलर. ते त्यांच्या उत्पन्नात सहज बसत होतं, म्हणून ते पुढच्या कलमाकडे वळले.

"ही जबाबदारी कधी संपते ते ऐका. तुम्ही नागरिक झालात तर. किंवा तुमच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या तर. किंवा तुम्ही कायमचा देश सोडलात तर. किंवा आपल्यापैकी कुणी वारलं तर." त्यांनी चष्मा पुसला. "घटस्फोट झाला तर संपत नाही."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, तिन्हीसांजेचं काय वाचत बसलाय?"

"लिहिलेलं वाचतोय. तुम्हाला त्या पातळीइतकं पोसलं नाही, तर तुम्ही माझ्यावर दावा लावू शकता."

"छे हो बाबा, मी कशाला..."

"लावाल असं नाही लिहिलेलं. लावू शकता असं लिहिलंय. आणि मी घर बदललं तर तीस दिवसांत सरकारला कळवायचं."

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. पहिल्या नऊ ग्रहांची शांत करता येते. दहाव्याची मात्र सासऱ्यांना शपथेवर हमी घ्यावी लागत होती. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, अधिक श्रावण येऊन गेला होता. धोंड्याचं वाण म्हणून जावयाला तेहतीस अनारसे देतात, ते सासूबाईंना सातासमुद्रापलीकडून देता आले नव्हते. ती बाकी अशी फिटेल, असं त्यांनाही वाटलं नसेल.

मला फार ओशाळं झालं. म्हटलं, "बाबा, राहू द्या. तिला पूर्णवेळ नोकरी लागेपर्यंत थांबू आम्ही."

सासऱ्यांनी कागद खाली ठेवले. "मी १९८६ साली इथे आलो, तेव्हा माझ्या मोठ्या भावानं सही केली होती. त्या वेळच्या सहीला कोर्टात किंमत नव्हती. हा करार पाळायलाच लागतो, असा कायदा नंतर, १९९६ साली झाला. सत्त्याण्णवच्या डिसेंबरपासून लागू."

"मग तेव्हा?"

"तेव्हा काय? दादानं दोन वर्षं जेवायला घातलं." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

हे सगळं तपासायची सरकारी फी १२० डॉलर. आपल्याला गरिबीची भीती नाही, हे तपासून घ्यायलाही पैसे लागतात. कागद ऑनलाइन न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या केंद्राकडे गेले, आणि काही महिन्यांनी मला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला बोलावणं आलं.

साताऱ्याहून आदल्या रात्रीच निघालो. सोबत लग्नाचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांचे कागद, पोलिसांचा दाखला, आणि आईनं दिलेला अंगारा. दोन वर्षांचा धागा त्या खिडकीपाशी चार मिनिटांत संपला. बायको काय करते, भेट कुठे झाली, पुस्तक कोणतं होतं, असं विचारून झाल्यावर अधिकाऱ्यानं फाइल उलटली.

"सह-हमीदार कोण?"

"सासरे."

त्यानं मान वर केली. "तुमच्यावर बराच विश्वास दिसतोय."

"माझ्यावर नाही," मी म्हटलं. "त्यांचा मुलीवर आहे."

तो हसला, आणि माझा पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवून घेतला की काम झालं, असं बाहेर रांगेतल्या प्रत्येकानं मला सांगितलं होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये पिट्सबर्गला पोचलो. जानेवारीत एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागलो. इथे त्याला अ‍ॅडजंक्ट म्हणतात. जितके वर्ग शिकवू तितक्या वर्गांचे पैसे, सुट्टीत काही नाही. पहिल्या दिवशी मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की डोळे भरून आले.

एडिसनला सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं. त्याच्या समासात बारीक अक्षरात आकडे असतात. ते गॅस सिलिंडरचे किंवा दुधाचे नाहीत. ते माझे आहेत. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक तिमाही पडायची, वर्षाला जास्तीत जास्त चार. परवाच्या जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे सत्यनारायणाला गेलो, तेव्हा तिथे '१६' लिहिलेलं दिसलं.

"बाबा, माझ्या चारच झाल्या."

"तुमच्या चार. आणि लग्न झाल्यापासून तिच्या वर्षाला चार, त्या बारा. नवरा-बायकोच्या तिमाह्या एकत्र धरतात. मी कायदा वाचलाय." ते प्रसन्न होते. "पण लग्न टिकलेलं असेल तरच. मोडलं, की तिच्या बारा गेल्या."

"आणि नागरिकत्व?"

"तेही तीन वर्षांत मिळतं, पण नांदत असाल तर. नाहीतर पाच." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणजे बघा, वेगळे झालात तर मी अडकलो. नांदलात तर सुटलो."

ओट्याशी सासूबाई शिऱ्यासाठी रवा मोजत होत्या. वाटी काठोकाठ भरून पातेल्यात ओतली, वर पाव वाटी घातली, आणि पूजेला हाक मारली. कथा झाली, आरती झाली, प्रसाद झाला. निघताना आम्ही दोघं जोडीनं नमस्काराला वाकलो.

"नांदा सौख्यभरे," सासरे म्हणाले. मग त्यांची नजर फ्रिजकडे गेली, आणि ओठ हलवून त्यांनी काहीतरी हिशेब केला.

"निदान २०२८ पर्यंत."